उसनं कोपर

शनिवार, १ मार्च

परवाच्या नोंदीत एक दुरुस्ती. मी लिहिलं होतं की रेडिमेड शर्टांच्या कंपनीतले साहेब मुलाखतीच्या शेवटी म्हणाले, "तुमच्यात आत्मविश्वास थोडा कमी वाटतो." ते असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पंधरा मिनिटं माझ्या कॉलरशी बोलताय. मी जरा वर आहे." शेजारचे दोघं हसले. मी माफी मागितली, तीही बहुधा कॉलरचीच.

खोटं का लिहिलं याचा आज विचार केला. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. म्हणजे मी माझ्यावरच छाप पाडायला निघाले होते, आणि तिथेही पडली नाही.

कॉलरशी बोलण्याला कारण आहे. लहानपणी माझी छाती सारखी भरायची, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नाही. आत्याने शिकवलं, बाबांच्या शिवणाच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली बसवून. अंक टेपवरून, अपूर्णांक खडूने, आणि माणसांशी वागायचं कसं तेही तिथेच. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की माणूस पोट आत घेतो आणि माप चुकतं. आपण बाजूला उभं राहायचं, नजर खांद्यावर ठेवायची, काहीबाही बोलत राहायचं, आणि त्याने श्वास सोडला की टेप लावायची. शिवणकामासाठी हे शिक्षण उत्तम आहे. मुलाखतीत खुर्ची ओढून साहेबांच्या बाजूला नेऊन बसले तर लोक दचकतात. (हे दुसऱ्या मुलाखतीत झालं होतं. ते मी खरं लिहिलंय, तपासून पाहिलं.)

बाबांचा उजवा अंगठा आता कात्री धरत नाही. दुकान महिनाअखेर बंद होणार. मी बारा वर्षं कापड कापतेय, पण दाखवायला कागद नाही. बाबांना प्रमाणपत्र लिहून मागितलं तर ते "काम चांगलं आहे" असं लिहितील, आणि घरातल्या माणसाचं कौतुक नको म्हणून "चांगलं" खोडून "बरं" करतील. त्यामुळे माझी सगळी भिस्त छापेवर. अकरा तारखेला गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटरच्या जागेसाठी मुलाखत आहे. ही चौथी. आमच्या गावात पाचवा कारखानाच नाही.

म्हणून आज एका वर्गात नाव घातलं. वर्गाचं नाव "पहिली सात सेकंदं". तेवढ्या वेळात समोरचा आपल्याबद्दल कायमचं मत बनवतो म्हणे. आत्या म्हणाली, "सात सेकंदांत माझा सुईत दोरासुद्धा जात नाही."

सोमवार, ३ मार्च

वर्ग नाच शिकवायच्या हॉलमध्ये भरतो. चारी भिंतींना आरसे, त्यामुळे आपली चूक चार बाजूंनी दिसते. सर सगळ्यांना "चॅम्पियन" म्हणतात. नावं लक्षात ठेवायला नकोत.

सर म्हणाले, शब्दांना काही किंमत नाही, तुम्ही काय बोलता ते कुणी ऐकत नसतं. हे त्यांनी दीड तास बोलून समजावलं.

आज दारातून आत यायला शिकलो. हनुवटी सरळ, कोपरं बरगड्यांना लागलेली, दोन्ही तळवे समोरच्याला दिसतील असे. हातात दगड नाही हे आदिमानवाला कळावं म्हणून तळवे दाखवायचे. त्या कारखान्यात आदिमानव मुलाखत घेणार असतील तर माझी तयारी झाली. मग नजर. थेट डोळ्यांत बघणं जमत नसेल तर नाकाच्या मुळाशी बघायचं. माझी जोडी एका विमा एजंटाशी लावली होती. दहा मिनिटं आम्ही एकमेकांच्या नाकाच्या मुळाकडे बघत बसलो. त्यातून विश्वास निर्माण झाला असावा, कारण नंतर त्याने माझ्या आयुष्याचं पुढचं नियोजन विचारलं.

सरांच्या कोटाचा उजवा खांदा आतून भरलेला आहे. म्हणजे तो खांदा उतरता आहे.

गुरुवार, ६ मार्च

आजचा धडा सगळ्यांत महत्त्वाचा, असं सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. माणसाला स्वतःसारखा माणूस आवडतो. म्हणून समोरच्याचा आरसा व्हायचं. तो पुढे वाकला की मनात पाच आकडे मोजायचे आणि आपणही पुढे वाकायचं. त्याला कळत नाही, पण त्याच्या अंतर्मनाला कळतं आणि ते आपल्या बाजूचं होतं.

घरी सराव केला. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. मी पाच मोजून नसलेला चष्मा नसलेल्या पदराने पुसला. आत्या म्हणाली, "वेडावतेस का गं मला?" हे विज्ञान आहे असं सांगितलं. विज्ञान असेल तर त्या छापसरांवर कर आणि मला चहा टाक, असं उत्तर आलं. आत्याचं अंतर्मन अजून कुणाच्या बाजूचं झालेलं पाहिलं नाही, त्यामुळे हा प्रयोग मी धरत नाही.

मग बाबांवर केला. ते खुर्चीत बसून अंगठा चोळत होते. मीही समोर बसून अंगठा चोळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात खिशात घातला. हात खिशात घालण्याचा अर्थ सरांना विचारायला हवा.

मंगळवार, ११ मार्च

मुलाखत झाली. या वेळी जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते.

खोली पहिल्या मजल्यावर, खालून मशिनींची घरघर. मुलाखत घ्यायला एकच मॅडम होत्या, सगळा कारखाना त्याच बघतात. पन्नाशीच्या, राखाडी कोट खुर्चीच्या पाठीवर, बोलणं मोजकं. मी तळवे दाखवत आत गेले. माझे तळवे बहुधा जास्तच दिसले, कारण त्यांनी त्यावर अर्धवट शिवलेला एक सदरा आणि सुटी बाही ठेवली आणि शेजारच्या खोलीतल्या मशिनीवर जोडून आणायला सांगितली. तेवढ्यात त्या खाली फेरी मारून आल्या. बाही जोडण्यात माझी वीस मिनिटं फुकट गेली. त्या वेळात छाप पाडायला समोर कुणीच नव्हतं.

परत आल्यावर मॅडमनी सदरा उलटा केला आणि मुंढ्याची, म्हणजे बाहीच्या जोडाची, शिलाई आतून बराच वेळ बघितली. कुणी शिकवलं विचारलं. घरी, म्हटलं. सरांनी सांगून ठेवलंय की असले फुटकळ प्रश्न वेळ काढायला असतात, खरी परीक्षा चेहऱ्याची चाललेली असते. म्हणून मी लक्ष विचलित होऊ दिलं नाही. नाकाच्या मुळाशी घट्ट बघत राहिले.

मग आम्ही बसलो आणि खरं काम सुरू झालं. मॅडमनी उजव्या हाताने डावं कोपर धरलं आणि बरगडीशी दाबून ठेवलं. मी पाच मोजले आणि धरलं. आरशात डाव्याचं उजवं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. सरांनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे डाव्याला डावं धरलं. डावीकडच्या कपाटातली फाइल घ्यायला त्या खुर्चीसकट पूर्ण वळल्या आणि उजव्या हाताने फाइल काढली. माझी पिशवी डावीकडे होती. मीही पूर्ण वळले. त्यांनी पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून एका हाताने झाकण उघडलं. मला एक बाटली दिली. मीही गुडघ्यांत धरली. थोडं पाणी सांडलं, पण पद्धत बरोबर होती.

इथे परिणाम दिसला. मॅडम बोलता बोलता थांबल्या. उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज अगदी मऊ झाला होता. डोळे ओलसर वाटले, खाली कापडाची धूळ खूप आहे. चहा मागवला आणि माझा कप स्वतः उचलून माझ्या उजव्या हाताशी ठेवला. मी निघताना त्यांनी कोट चढवला, आधी डावा हात, मग उजवा, आणि माझ्यासाठी दार स्वतः उघडून धरलं. कळवते म्हणाल्या.

इतकी चांगली मुलाखत माझी आजवर झाली नव्हती. उद्या सरांना सांगते.

बुधवार, १२ मार्च

सरांनी मला पुढे उभं करून सगळं सांगायला लावलं. त्यांच्या मते कोपर धरून बसणारा माणूस आतून घाबरलेला असतो, आणि मी त्या बाईंवर हुकमत मिळवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमा एजंटाने वहीत "कोपर" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मला हुकमत नको होती, कटरची जागा हवी होती. शिवाय जिने चहा दिला तिच्यावर हुकमत म्हणजे काय, ते नीट कळलं नाही. पण टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या. घरी येईपर्यंत कानात होत्या, हेही लिहायला हवं.

शुक्रवार, १४ मार्च

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आत्याने विचारलं म्हणून मी मॅडम करून दाखवल्या. खुर्चीत बसले, कोपर धरलं, वळले, बाटली गुडघ्यांत घेतली. बाबा कोपऱ्यात मापांचे जुने कागदी कटिंग बांधून ठेवत होते. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"परत बस," ते म्हणाले.

मी परत सगळं करून दाखवलं.

"कोट घालताना आधी कुठला हात घातला?"

"डावा."

"तिच्या डाव्या हातात जोर नाही. खांदा वर जात नाही. मुंढा पुढून अर्धा इंच खोल पाहिजे, नाहीतर कोट घालताना रोज दुखत असणार." ते पुन्हा सुतळी बांधायला लागले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे तुला तिथे बसून दिसलं नाही?"

दिसलं होतं. सगळं दिसलं होतं, मंगळवारच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दहा वर्षांची असताना मी हे दारातूनच ओळखलं असतं. पण तेव्हा मी नाकाच्या मुळाकडे बघत नव्हते.

म्हणजे मी एका अधू हाताच्या बाईसमोर पस्तीस मिनिटं बसून तिला वेडावून दाखवलं. बाटलीसुद्धा सोडली नाही.

शनिवार, १५ मार्च

माफीच्या पत्राचे पाच मसुदे. पहिल्यात कारण जास्त, माफी कमी. दुसऱ्यात उलट. तिसरं पूर्ण पत्र बाटलीवर गेलं. चौथ्यात मी सरांवर ढकललंय, ते फाडलं. पाचवं आत्याने वाचलं आणि म्हणाली, हे वाचून त्या बाईला वाटेल तू आता पोस्टाने वेडावतेस.

एकही टाकलं नाही. वर्गाला गेले नाही.

सोमवार, १७ मार्च

मॅडमचा फोन आला. जागा मला मिळाली.

मी उभी राहून ऐकलं. त्या पहिल्यांदाच मला "तू" म्हणाल्या.

"मी तुझा हात पाहिला," त्या म्हणाल्या. "नाही, सांगू नकोस. मीही कुणाला सांगत नाही. माझा जिन्यावरून पडून गेला, सहा वर्षं झाली. आणि तू तसल्या हाताने ती बाही जोडलीस."

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. त्यांना पडल्यानंतर दोन ठिकाणांहून काढून टाकलं होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की आपल्या हातात असेल तेव्हा आपण असं करायचं नाही. मी त्यांच्यासमोर कोपर धरून बसले, लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली म्हणे. माझ्यासाठी कापायचं टेबल चार इंच उतरवून घेणार आहेत, हात वर उचलावा लागू नये म्हणून. चोवीस तारखेला, सोमवारी रुजू व्हायचं. याच जागेसाठी आलेली दुसरी एक मुलगी आहे, तिला नकार अजून कळवलेला नाही, शनिवारी कळवतील.

मी म्हणाले, "धन्यवाद." एवढंच. बाकी सगळं बोलायचं राहिलं आणि फोन ठेवला गेला. ठेवला गेला हे चूक. मी ठेवला.

छाप पडली. सर म्हणतात तशी खोल आणि कायमची. फक्त ती माझी नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज सल्ले गोळा केले.

सर म्हणाले, चांगली पडलेली छाप कधी दुरुस्त करायची नसते, सांभाळायची असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस कोपर धरलं तरी पुरे, बाकीचे दिवस लोक आठवणीवर काढतात. मी खोटं वागतेय का असं विचारलं. ते म्हणाले, चॅम्पियन, तुम्ही एक अक्षर तरी खोटं बोललात का? बोलले नाही हे खरं आहे. शब्दांना किंमत नसते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण एवढ्या उपयोगाचं असेल असं वाटलं नव्हतं. जाता जाता त्यांनी पत्रकात छापायला माझ्याकडून दोन ओळी मागितल्या. फोटोसह. कोपर धरलेला असेल तर उत्तम.

आत्याचं म्हणणं वेगळं आणि जास्त व्यवहारी. महिनाभर धर, मग हळूहळू सोड, आणि बरा झाला म्हण. "कुणाचं औषध घेतलं विचारलं तर माझं नाव सांग." मग तिने औषधही ठरवलं, पथ्य ठरवलं, आणि कितव्या दिवशी बोटं हलायला लागली तेही ठरवलं. तिला थांबवेपर्यंत मी जवळजवळ बरी झाले होते.

दुपारी डावं कोपर बरगडीला दाबून सदऱ्याची एक पाठ कापून पाहिली. कापड सरकलं, रेघ वाकडी गेली. मॅडम हे सहा वर्षं करतायत.

बुधवार, १९ मार्च

टेबलाची उंची बघायला मॅडमनी बोलावलं. मी सांगून टाकायला गेले होते. आठ वाक्यं पाठ केली होती.

वर गेले तर सुतार गुडघ्यांवर बसून टेबलाचे पाय कापत होता. दोन कापून झाले होते, दोन राहिले होते. टेबल उतारावर उभं असल्यासारखं दिसत होतं. आत्ता बोलले तर ते तसंच राहील, म्हणून चारही पाय होऊ द्यावेत असं मी ठरवलं. भित्र्या माणसाला कारण हवं असलं की सुतारसुद्धा पुरतो.

मॅडम खिडकीशी घेऊन गेल्या. खाली चाळीस बायका मशिनीवर होत्या. मॅडम हळू आवाजात बोलत होत्या, माझ्याकडे न बघता.

"यांना वाटतं मी कडक आहे. सारखी हात आवळून उभी असते ना. वाटू दे. कडक बाईला कुणी काढत नाही. हात गेलेल्या बाईला काढतात." मग जरा हसून म्हणाल्या, "सहा वर्षांत हे मी कुणाशी बोलले नव्हते. तू आलीस, बरं झालं."

मी आठ वाक्यांतलं पहिलं शोधत होते. तेवढ्यात सुताराने हाक मारली, उंची बरोबर आहे का म्हणून. मी टेबलाशी उभी राहिले. ते मला कमरेतून वाकायला लावत होतं. दोन्ही हात धड असलेल्या माणसाला तसं टेबल म्हणजे संध्याकाळपर्यंत पाठीचा भुगा. बरोबर आहे, मी म्हणाले. मॅडमनी सुताराला शाबासकी दिली.

जिना उतरताना लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताने डावं कोपर धरलेलं आहे. पाच मोजले नव्हते. कुणी समोरही नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीवरचे हँगर ते एकेक करून खोक्यात भरत होते. निम्मी भिंत मोकळी झाली होती, आणि हँगरच्या मागचा रंग अजून नवा होता.

सांगून झाल्यावर त्यांनी फक्त टेबलाची उंची विचारली. सांगितली.

"तुझी पाठ जाईल," ते म्हणाले.

"हो."

"आणि ती विचारील, पाठ का दुखते. मग काय सांगशील?"

याचं उत्तर आत्याकडे होतं, ती बोलायलाही निघाली होती. बाबांनी तिच्या हातात हँगर दिले.

सांग असंही ते म्हणाले नाहीत, सांगू नकोस असंही नाही. दुकान महिनाअखेर बंद होतंय, हे आमच्या तिघांत कुणीच काढलं नाही. काढायची गरज नव्हती, भिंत दिसत होती.

मग बसून विचार केला. तो इथे लिहिते, उद्या डळमळले तर वाचता यावा म्हणून. नोकरी खोट्यावर मिळाली हे वाईट आहेच. पण आणखी एक आहे, ते मला काल खिडकीशी कळलं आणि लिहायची हिंमत झाली नाही. मॅडमनी मला जे सांगितलं ते मला सांगितलंच नव्हतं. ते त्यांनी एका अधू हाताच्या मुलीला सांगितलं. ती मुलगी नाही. सांगितलेलं परत देता येत नाही, पण ते कुणापाशी गेलंय एवढं तरी त्यांना कळायला हवं. त्यानंतर त्या रागावतील, हाकलतील, किंवा इतकं लागेल त्यांना की रागावणारही नाहीत. तिसऱ्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

सोमवारी रुजू झाल्यावर सांगितलं तर ती कबुली होणार नाही, नुसती अडचण होईल. शनिवारी त्या दुसऱ्या मुलीला नकार कळवणार. म्हणजे त्याच्या आधी, तिची वाट मोकळी असताना.

पाठ केलेली आठ वाक्यं खोडली. एकच ठेवलंय: माझा हात धड आहे. पुढचं तिथे सुचेल ते बोलेन. कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे, हे ठरवलेलं नाही.

मॅडम नऊला येतात आणि साडेनऊला खाली फेरीला जातात. मधल्या वेळात त्या एकट्या असतात.

उद्या. शुक्रवार, २१ मार्च, सकाळी सव्वानऊ.